पर्वरीच्या दोन मुलाखती

तुळशीच्या लग्नाच्या दिवशीच सोनालीची मुलाखत आली, आणि गोव्यातल्या पार्सेच्या मांद्रेकरांच्या घरात सकाळी सहापासून धांदल उडाली. मालती वयनी अंगणातल्या वृंदावनाला रंग देत होती आणि अधूनमधून उठून मुलीच्या ओढणीला इस्त्री झाली का ते बघून येत होती. तिचा नवरा गोकुळदास बालकांवातल्या, म्हणजे पुढच्या ओसरीवरच्या बाकावर बसून मुलाला, परेशला, ऊस, दिंड्याच्या काठ्या, आवळ्याची फांदी आणि चिंच यांची यादी ऐकवत होता. बोलता बोलता त्याला दम लागे. मग तो हात वर करून थांबे आणि पुन्हा तिथूनच पुढे सुरू करी. डिचोलीच्या खाणीवर पंचवीस वर्षं वजनकाट्यावर बसून त्याने जी तांबडी धूळ गिळली होती, ती आता त्याला एका दमात चार वाक्यंही बोलू देत नव्हती.

गोकुळदासचा धाकटा भाऊ योगेश वरच्या खोलीत जनेलापाशी उभा राहून हे सगळं बघत होता. टेबलावर त्याचा लॅपटॉप उघडा होता. सप्टेंबरपासून तो रोज सकाळी नऊला त्याच्यासमोर बसत होता, आणि खालच्या माणसांना वाटत होतं की तो पुण्याच्या कंपनीचं काम करतोय. कंपनीने घरून काम करायची मुभा दिलीय असं त्याने येताच सांगितलं होतं. हॉस्पिटलातून नुकताच घरी आलेल्या गोकुळदासने पुढे एक शब्दही विचारला नव्हता. उलट वरच्या खोलीत नवा पंखा बसवून घेतला होता.

खरी गोष्ट अशी होती की जुलैच्या एका मंगळवारी योगेशला आणि त्याच्या हाताखालच्या नऊ जणांना एका व्हिडिओ मीटिंगला बोलावलं गेलं. ती अकरा मिनिटं चालली आणि दुपारी जेवायच्या आत त्याचा पासवर्ड चालेनासा झाला. बावीस वर्षांची नोकरी. वय सत्तेचाळीस. पुण्यातल्या शेजाऱ्यांना तोंड दाखवणं नको झालं तेव्हा बायको अश्विनीनेच त्याला गावी जा म्हटलं. ती आणि मुलगी तिकडेच राहिल्या. तिच्याखेरीज हे कुणालाच माहीत नव्हतं.

दिवसभरात त्याचा एकच तास बरा जाई. संध्याकाळी सोनाली वही घेऊन समोर बसे तो. पोरगी कॉम्प्युटर इंजिनियर होऊन दीड वर्ष घरी होती. पर्वरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीची ऑनलाइन चाचणी ती पास झाली, तेव्हा गोकुळदासने भावाला एवढंच म्हटलं होतं की हिला पुढचं जरा दाखव. योगेशने आयुष्यात चारेकशे मुलाखती घेतल्या होत्या. तो तिला सांगे, पहिली दहा मिनिटं तुझं ज्ञान कुणी तपासत नाही. या माणसाबरोबर दिवसभर एका खोलीत बसता येईल का, एवढंच बघतात. मग एक गणित घालतात. ते घातलं की लगेच लिहायला धावायचं नाही. आधी विचारायचं, आकडे किती असतील, यादी रिकामी असू शकते का, एकच गोष्ट दोनदा आली तर काय करायचं. साधं, बावळट उत्तर सुचलं तर तेच आधी बोलून दाखवायचं आणि मग सुधारायचं. अडलं तर कुठे अडलं ते सांगायचं. त्यांनी खूण दिली तर ती घ्यायची, त्यात कमीपणा नाही. शेवटी ते तुला प्रश्न विचारायला सांगतील, तेव्हा कामाबद्दल विचारायचं. निकाल कधी लागेल हे मात्र कधीच विचारायचं नाही, त्यातून गरज दिसते.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट तो तिला रोज सांगे. गप्प बसायचं नाही. तू गप्प बसलीस की तुझ्या डोक्यात काय चाललंय ते समोरच्याला कळत नाही, आणि जे कळत नाही त्याला तो शून्य देतो.

सोनाली जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर उत्तरं लिही आणि मोठ्याने बोले. स्वयंपाकघरातून वयनी कौतुकाने ऐकत राही. त्या तासात योगेश पुन्हा पूर्वीचा योगेश असे.

परेश मात्र त्या वेळी घरात थांबत नसे. मोप्याच्या विमानतळावर त्याची टॅक्सी होती. नंबर लागो न लागो, संध्याकाळी तो तिकडे निघून जाई. अकरा वर्षांत काका-पुतण्यात कामापुरतंच बोलणं होतं. खाणी बंद पडल्या, गोकुळदासचा वजनकाटा बंद पडला, त्या वर्षी त्याने जन्मात पहिल्यांदा धाकट्या भावाला फोन करून काही मागितलं होतं. परेशने कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलाय, त्याला तुझ्याकडे कुठे तरी चिकटव. परेश पुण्याला गेला, योगेशच्याच कंपनीत मुलाखतीला बसला आणि नापास होऊन परत आला. गोकुळदासने त्यानंतर दोन वर्षं भावाला फोन केला नाही. पुढे बोलणं सुरू झालं, पण ते सणावारापुरतंच.

त्या दिवसाची एक गोष्ट योगेशने कुणालाही सांगितली नव्हती. मुलाखत घेणारा त्याचा सहकारी बाहेर आल्यावर त्याच्या टेबलापाशी आला होता. पोराला येतं पण तो घाबरला, असं म्हणाला. तू हो म्हण, मी त्याला आणखी एकदा बसवतो. योगेश म्हणाला होता, जे बाकीच्यांना तेच त्याला. तेव्हा त्याला ते तत्त्व वाटलं होतं. पुढे कधी आठवण झाली की लक्षात येई, तत्त्व थोडं आणि भीतीच जास्त होती. गावचा पुतण्या आणून भरला असं कुणी म्हणू नये, याची भीती.

सोनालीला दहाची वेळ होती. परेश तिला घेऊन आठ वाजताच निघाला. त्याने योगेशलाही विचारलं, पण योगेश म्हणाला की त्याला पणजीत पासपोर्टच्या कामाला जायचंय, दुपारच्या बसने जाईन. हे खोटं होतं. पर्वरीच्या त्याच कंपनीत, वरच्या जागेसाठी, त्याचीही मुलाखत होती. आजवर त्याने अठ्ठावन्न ठिकाणी अर्ज केले होते. पाच ठिकाणांहून बोलावणं आलं होतं आणि पाचही ठिकाणी पुढे काही झालं नव्हतं. या सहाव्या ठिकाणी फोनवरची फेरी पार पडली आणि पत्र आलं ते सोनालीच्याच तारखेचं. तो दोन दिवस विचार करत राहिला. मग त्याने हिशोब केला, तिची दहाला, आपली दोनला. तोवर ती घरी पोचलेली असेल.

*

ती पोचलेली नव्हती. पर्वरीच्या त्या इमारतीत चौथ्या मजल्यावर काचेच्या भिंतींची एक लांबलचक बैठकीची जागा होती. योगेश गळ्यात पाहुण्याचा पट्टा घालून तिथे बसला, तेव्हा समोरच्या खोलीचं दार उघडून सोनाली बाहेर आली. तिचा चेहरा उजळलेला होता. दोन फेऱ्या झाल्या होत्या, जेवून आणखी दोन व्हायच्या होत्या. काकाला बघून ती तशीच थांबली.

"काका, तू माझ्यासाठी इलास?"

योगेश हो म्हणाला. बस लवकर मिळाली, म्हटलं डोकावून जावं. ती हसली आणि त्याच्याजवळ बसली, पहिल्या फेरीत काय विचारलं ते सांगायला लागली. तेवढ्यात टेबलामागच्या मुलीने कागदावरून नाव वाचलं. योगेश मांद्रेकर, सिनियर इंजिनियरच्या जागेसाठी, तीन नंबरच्या खोलीत. सोनालीची नजर त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावर गेली. त्यावरही तेच लिहिलेलं होतं. योगेश उठला. तिच्याकडे न बघता तो आत गेला.

आत दोघं होती. सुविधा नावाची तिशीतली मॅनेजर आणि तिच्याहून लहान, दाढी राखलेला एक मुलगा. दोघंही नम्र होती. पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग मुलाने काचेच्या फळ्यावर गणित मांडलं. एका गेस्ट हाउसच्या बुकिंगची यादी आहे, येण्याच्या आणि जाण्याच्या तारखा आहेत. एकाच वेळी जास्तीत जास्त किती खोल्या लागतील?

हे गणित योगेशने स्वतः शेकडो पोरांना घातलं होतं. सोनालीकडून दुसऱ्याच आठवड्यात करून घेतलं होतं. तो मार्कर घेऊन उठला आणि लिहू लागला. चार ओळी झाल्या. मग त्याचं लक्ष काचेच्या भिंतीकडे गेलं. पलीकडे सोनाली डबा न उघडता बसून होती. ती इकडे बघत नव्हती. न बघण्याचा प्रयत्न करत होती.

त्याने पुन्हा फळ्याकडे बघितलं. एक पाहुणा ज्या दिवशी जातो त्याच दिवशी दुसरा आला तर खोली एक धरायची की दोन, एवढाच पेच होता. पुसून पुन्हा लिहिलं तर आधीचं बरोबर असलेलंही बिघडलं. गेली सहा वर्षं तो माणसं सांभाळत होता, मीटिंगा करत होता, दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासत होता. स्वतः रोज लिहिणं सुटलं होतं. हे बोलून दाखवावं असं त्याला वाटलं. कुठे अडलंय ते सांगावं. पण तोंड उघडेना. मुलाने एक खूण दिली, मग दुसरी दिली. शेवटी तो हलकेच म्हणाला, "सर, आपण पाच मिनिटं थांबूया का?"

त्या 'सर'मध्ये टिंगल नव्हती. दया होती, आणि ती योगेशला सोसवेना.

पुढचं सुविधाने विचारलं. जुलैपासून काय करताय, टीम लीड एकोणतीस वर्षांचा आहे, त्याच्या हाताखाली चालेल का, तुमच्या आधीच्या कामापेक्षा हे काम खालचं आहे, मग दोन वर्षांत सोडून तर जाणार नाही ना. तो उत्तरं देत गेला. शेवटी तिने विचारलं की तुम्हाला काही विचारायचंय का. योगेशने विचारलं, निकाल कधी कळेल?

विचारल्या क्षणी त्याला कळलं आपण काय केलं ते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही, यावरूनच त्यांनाही कळलं होतं हे दिसत होतं.

निकाल कळायला वेळ लागला नाही. साडेतीनला सुविधा स्वतः बाहेर आली आणि लिफ्टपर्यंत त्याच्याबरोबर चालत गेली. वरची जागा तूर्तास भरायची नाही असं ठरलंय, ती म्हणाली. आज नवी मुलं फार चांगली मिळाली, एका सिनियरच्या जागी त्यांच्यातल्याच दोघांना घेऊन शिकवायचं असं वाटतंय. ही दोघं काका-पुतणी आहेत हे सुविधाला माहीत नव्हतं. त्या दोघांत एक सोनाली होती. ती त्याच वेळी आतून आली, हातात नेमणुकीच्या पत्राचं पाकीट होतं. खाणीच्या दिवसांबद्दल बोलताना वडिलांचं तोंड उतरे, तसं तिचं तोंड उतरलं होतं.

*

परेश खाली गाडीशी उभा होता. दोघं एकत्र येताना बघून त्याने भुवया उंचावल्या. सोनाली घाईने म्हणाली, काका मला भेटायला आला होता, आणि मला नोकरी लागली. परेशने तिच्या डोक्यावर टपली मारली, घरी फोन लावला. फोनवर वयनीचं रडणं बाहेरपर्यंत ऐकू आलं. मग गाडी निघाली. सोनाली मागे बसली होती, नोकरी लागलेल्या पोरीसारखी एक शब्दही बोलत नव्हती. म्हापसा मागे पडलं. कोलवाळचा पूल ओलांडेपर्यंत योगेशने कसंबसं ओढलं, मग पुढच्या सीटवरून समोर बघत त्याने सगळं सांगून टाकलं. जुलै, अकरा मिनिटं, अठ्ठावन्न अर्ज, आज, काचेचा फळा.

परेशने गाडीचा वेग कमी केला नाही, वाढवलाही नाही. मग त्याने विचारलं, "आत किती वेळ गप्प रवलास?"

"धा मिनिटां असतीत."

"मी वीस मिनिटां होतंय."

मागे सोनाली हलली. योगेशला वाटलं, आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही. त्याने पुण्यातल्या त्या दुपारची गोष्ट सांगितली. सहकारी टेबलापाशी आला होता, आणखी एक संधी द्यायला तयार होता, आणि आपण नको म्हटलं होतं. सांगताना त्याने कुठेही स्वतःची बाजू घेतली नाही. तत्त्वाचं नाव काढलं नाही.

"माका ठावक आसा," परेश म्हणाला. "तुझ्या त्या मित्रान कंपनीच्या फाटकाकडे माका सांगलेलां. तुझ्या काकानच नको म्हटल्यान, म्हणून."

अकरा वर्षं. योगेशने त्याच्याकडे वळून बघितलं. मग बाबांना का नाही सांगितलंस, एवढं विचारायलाही त्याची जीभ रेटेना. पण परेशने स्वतःच सांगितलं. खाण गेल्यानंतर बाबा सहा महिने बालकांवातून उठत नव्हता. त्यात हे सांगितलं असतं तर त्याने भावाचं नाव टाकलं असतं, आणि मग उठलाच नसता.

"आतां पण सांगू नको," परेश म्हणाला. "माझां सांगू नको. तुझां तू बघ."

सोनालीने त्या वेळी पहिल्यांदा तोंड उघडलं. तीही काही सांगणार नाही म्हणाली. हवं तर पर्वरीला नाही म्हणते, असंही म्हणाली. परेशने तिला जोरात गप्प केलं आणि गाडी पार्सेच्या रस्त्याला घातली.

*

घरी वृंदावन सजलं होतं. ऊस बांधलेला, आवळे-चिंचा लावलेल्या, पणत्या मांडलेल्या. वाड्यावरची दहा-बारा माणसं जमली होती. सोनाली गाडीतून उतरताच वयनीने तिला कवटाळलं आणि बायकांनी तिला तुळशीशेजारीच उभं केलं. भटजींनी मंगलाष्टकं सुरू करायच्या आधी गोकुळदास काठी टेकत पुढे आला. त्याने योगेशचा हात धरून अंतरपाटाचं एक टोक त्याच्या हातात दिलं. मग जमलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मधे मधे थांबत, तो बोलला. माझ्या पोरीला माझ्या भावाने उभं केलं. मध्यंतरी आमच्यात एका गोष्टीवरून काही झालं होतं. मी मनात धरलं होतं. आजपासून ते मी सोडलं.

एवढ्यावर थांबला असता तर योगेशने कदाचित ते सगळं गिळलं असतं. पण गोकुळदास आनंदात होता, आणि आनंदात त्याने पुढे मागितलं. सोनालीचं झालं, आता परेशचं बघ. तुझ्या पुण्याच्या कंपनीत तू एवढा मोठा आहेस. टॅक्सी किती दिवस चालवायची त्याने?

परेश उसाची गाठ घट्ट करत खाली बसला होता. त्याने मान वर केली नाही. अंतरपाटाचं दुसरं टोक शेजारच्या बाबाजींच्या हातात होतं, ते हसत योगेशच्या उत्तराची वाट बघत होते. योगेश म्हणाला, आधी लगीन होऊ दे दादा, मग बोलूया. सगळे हसले. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, अंतरपाट निघाला. वयनीने केळीच्या पानांवर गुळाचे फोव, म्हणजे गूळपोहे, वाटले. सात वाजेपर्यंत माणसं आपापल्या घरी गेली.

योगेश दादाशेजारी बालकांवात बसला आणि त्याने सांगितलं. परेशचं सोडून सगळं सांगितलं. नोकरी नाही. जुलैपासून नाही. वर बसतो ते अर्ज करायला बसतो. आज पर्वरीला मीही गेलो होतो आणि मला घेतलं नाही. परेशला मी कुठेही लावू शकत नाही, मला स्वतःलाच कुणी घेत नाही.

गोकुळदास बराच वेळ श्वास घेत राहिला. रागावेल असं योगेशला वाटलं होतं, रागावला असता तर बरं झालं असतं. मग त्याने विचारलं, कुणाकुणाला माहीत आहे. योगेशने नावं सांगितली. अश्विनी, आणि आजपासून सोनाली, परेश.

"म्हणजे मीच रवलंय."

योगेशने हो म्हटलं.

"सप्टेंबरात माका हॉस्पिटलातसून घराक हाडल्यानी," गोकुळदास अंगणाकडे बघत म्हणाला. "आठ दिसांनी तू बॅग घेऊन इलास. मी कोणाक विचारूक नाय. मी सगळ्यांक सांगलंय, माझो भाव माझ्यासाठी इलो."

तेही होतं, असं म्हणावं असं योगेशला फार वाटलं. दादा, तेही एक कारण होतं. पण ते नव्हतं. त्या दिवशी पुण्याहून निघताना भावाच्या आजाराची त्याला आठवण झाली होती ती एवढ्याचसाठी, की गावी जायला एक सांगण्याजोगं निमित्त मिळालं. आज दिवसभरात इतकं खोटं बोलून झालं होतं की हे एक खोटं उच्चारायची ताकदही त्याच्यात उरली नव्हती.

गोकुळदास काठीवर भार देऊन उठला. योगेशने हात पुढे केला, तो त्याने धरला नाही, झिडकारलाही नाही. भिंतीच्या आधाराने दारापर्यंत गेला. आतून वयनीने जेवायला वाढू का म्हणून विचारलं, त्याला त्याने उत्तर दिलं नाही. उंबऱ्यात दम घ्यायला थांबला.

"परत जातलास तेव्हा तरी," तो म्हणाला, "माका आधी सांग."

तो आत गेला. पुण्यात घर असूनही नोकरीशिवाय योगेशला तिथे परत जाता येत नव्हतं. पण ते सांगायला आता समोर कुणी उरलं नव्हतं.